वेगळा कटोरा

आमच्या घरी जर्मनचा एक कटोरा आहे. काठ चेपलेला, बुडाशी काळा पडलेला. कपाटाच्या वरच्या फळीवर, रमजानमध्येच निघणाऱ्या मोठ्या पातेल्यांच्या मागे तो उलटा ठेवलेला असायचा. लहानपणी आम्ही एकदा तो काढून त्यात पाणी प्यायला लागलो, तर अम्मीने हातातून हिसकावून घेतला आणि नळाखाली बराच वेळ घासत बसली. "इसमें नहीं पीने का," एवढंच म्हणाली. का ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. घरातल्या काही गोष्टी विचारायच्या नसतात, हे मुलांना न शिकवता कळतं.

तो कटोरा आमच्या नानांचा. आज त्याच्याविषयी लिहितोय ते अम्मीच्या परवानगीने. "आम्ही" म्हणजे खरं तर एकटेच. पण उर्दू शाळेत "हम" म्हणत शिकलो, "हम" म्हणतच शिकवतो. मराठी लिहायला बसलं की ती सवय सोबत येते. वाचकांनी समजून घ्यावं.

नाना लोणावळ्याला टांगा हाकायचे. मुंबईचे सेठ लोक हवा खायला यायचे, स्टेशनवर उतरायचे, नाना त्यांना बंगल्यावर पोहोचवायचे, कधी कार्ल्याच्या लेण्यांपर्यंत न्यायचे. ज्या हवेसाठी लोक एवढ्या लांबून यायचे, त्याच हवेत राहणाऱ्या आमच्या नानांना १९६९ साली टीबी झाला. तेव्हा अम्मी सात वर्षांची. गवळीवाड्याकडच्या एका खोलीत सात माणसं. लोणावळ्याचा पाऊस आपणाला ठाऊक आहेच. वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. खिडकीला प्लास्टिक ठोकायचं, दाराला गोणपाट लावायचं, आत चूल, आत ओले कपडे आणि आतच नानांचा खोकला.

एका ओळखीच्या सेठने चिठ्ठी दिली, म्हणून नाना मिरजेच्या वॉन्लेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये काही महिने राहिले. तोवर मद्रासच्या संशोधन केंद्राने १९५९ सालीच दाखवून दिलं होतं की नियमित औषधं घेतली तर घरी राहणारा रोगी सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो, आणि त्याच्या घरच्यांनाही त्यामुळे जास्त धोका होत नाही. पण ही गोष्ट आमच्या गल्लीपर्यंत कोण आणणार? गल्लीला एकच ठाऊक होतं, की हा आजार खानदानाला लागतो. नाना परत आले ते स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया आणि गोळ्यांची पुडकी घेऊन. नानीने त्यांचा कटोरा वेगळा केला, रकाबी वेगळी केली, चटई वेगळी केली. खिडकी मात्र बंदच राहिली.

आज हे लिहिताना हसू येत नाही, रडूही येत नाही. टीबी भांड्यातून पसरत नाही. खोकल्यातून हवेत उडणाऱ्या थेंबांतून, कोंडलेल्या खोलीत पसरतो. म्हणजे जे वेगळं करायची गरज नव्हती ते सगळं वेगळं केलं आणि जी उघडायची होती ती खिडकी उघडली नाही. अम्मी नानांची लाडकी. नानीची नजर चुकवून ती त्यांच्या कटोऱ्यातली चहात बुडवलेली पाव खायची. पुढे नाना गेले. औषधं मध्येच सुटली होती. ती का सुटली, यावर घरात कधी बोलणं झालं नाही. "दमे से गए," असंच सगळ्यांना सांगितलं गेलं. तीन मुलींची लग्नं व्हायची होती.

आता आमच्या काळाकडे येतो.

२०२० साली "सायटोकाईन स्टॉर्म" हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"च्या सर्वेला आम्हा शिक्षकांची ड्युटी लागली होती. हातात ऑक्सिमीटर आणि ताप मोजायची बंदूक घेऊन मावळातल्या वाड्या फिरलो. विषाणूने नव्हे, तर विषाणूवर तुटून पडलेल्या स्वतःच्याच शरीराने माणसं दगावतात, असं टीव्हीवर सांगत होते. ऐकलं, घाबरलो आणि विसरलो.

२०२१च्या पावसाळ्यात अम्मीची बोटं सुजू लागली. तिने वीस वर्षं चिक्कीच्या एका कारखान्यात वड्या कागदात बांधायचं काम केलेलं. एका तासात किती पाकिटं होतात ते आम्ही पाहिलं आहे, बोटं दिसायची नाहीत. त्याच बोटांनी सकाळी उठल्यावर तिला बुरख्याचं बटण लावता येईना. तास-दीड तास हात आखडलेले. आधी म्हटलं थंडी, मग म्हटलं वय. मग कुणीतरी एका पुडीवाल्याचा पत्ता दिला. तीन दिवसांत अम्मी पूर्वीसारखी रोट्या लाटू लागली. दोन महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला, साखर वाढली. पुडी बंद केली तर दुखणं दुपटीने परतलं. पुढे पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी ती पुडी पाहून एकच वाक्य म्हटलं, "यात स्टिरॉइड असणार." त्या दिवशी आमच्या बी.एड.च्या शिक्षणाची आम्हाला लाज वाटली.

तपासण्या झाल्या. संधिवात निघाला, तोही साधा नव्हे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाली. रोज घेतली तर घात होतो, म्हणून अम्मीने वार ठरवला, जुम्मा. "जुम्मे की गोली" हे घरातलं नाव झालं. दोन वर्षांत थोडा फरक पडला, पण मनगटं सुजायची थांबेनात. २०२४च्या सुरुवातीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता अडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन देऊन पाहू. पूर्वी हे परदेशातून यायचं आणि भाव ऐकून माणूस उठून जायचा. २०१४ साली अहमदाबादच्या झायडस कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती आणली, तेव्हापासून ते निदान विचार करण्याच्या टप्प्यात आलं. मग त्यांनी अम्मीला विचारलं,

"घरात कुणाला कधी टीबी झाला होता?"

"नहीं," अम्मी म्हणाली.

एवढ्या पटकन म्हणाली की आमचंच डोकं खाली गेलं. आम्हाला कटोऱ्याची हकीकत ठाऊक होती. खालाने एका ईदला, अम्मी आत असताना, सगळी सांगितली होती. आम्ही तोंड उघडायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात आमच्या धाकट्या बहिणीचा रिश्ता कल्याणहून आला होता, आणि ज्या खालाजानने तो आणला होता, त्यांची भाची त्याच दवाखान्यात नर्स होती. आम्ही गप्प बसलो. शाळेत मुलांना रोज सांगतो, सच बोलो. त्या दिवशी पाच फुटांवर डॉक्टर बसलेल्या होत्या आणि आमच्याच्याने एक वाक्य निघालं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर तपासण्या लिहिल्या. "इतिहास नसला तरी टीबीची तपासणी करायचीच," म्हणाल्या. शिवाजीनगरहून लोकलने परत निघालो. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत मागे पडली. मळवलीला खिडकीतून लोहगड आणि विसापूर दिसू लागले. अम्मी हळूच म्हणाली, "वो टेस्ट नहीं कराते. सुई भी नहीं चाहिए. जैसा है वैसा चलेगा." आम्ही काही बोललो नाही.

त्याच आठवड्यात आठवीला रोगांचा धडा चालू होता. उर्दूत टीबीला तप-ए-दिक म्हणतात. "दिक करना" म्हणजे छळणं. मराठीत क्षय म्हणतात, झिजणं. शरीराच्या रक्षणशक्तीला आमच्या पुस्तकातला शब्द आहे "क़ुव्वत-ए-मुदाफ़अत". आम्ही नेहमीप्रमाणे सांगितलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे सिपाही. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "टीचर, मेरी दादी को गठिया है. डॉक्टर बोले, उनके सिपाही उनके ही घुटने को मारते. सिपाही अपने घर को कायको मारते?"

आम्ही "कल बताते" म्हणालो. शिक्षकाला ठाऊक नसलं की तो उद्याचा वायदा करतो. पण यावेळी तो पाळायचा ठरवला, कारण प्रश्न त्या मुलीच्या दादीचा नव्हता, आमच्या अम्मीचा होता.

वाचत गेलो तसं कळत गेलं. १८८२ साल मोठं विचित्र. त्या साली २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू जाहीर केला. त्याच साली सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेच्निकॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लांत गुलाबाचे काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी घेरा घातलेला. या पेशी परक्याला गिळतात, असा निष्कर्ष त्याने काढला. १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. या गिळणाऱ्यांतल्या मोठ्या पेशीला मॅक्रोफेज म्हणतात, म्हणजे मोठी खादाड. आपल्या फुफ्फुसात, यकृतात, प्लीहेत, सांध्यांच्या अस्तरात त्या बसलेल्या असतात. एरवी त्या झाडलोट करतात. तांबड्या पेशी एकशेवीस दिवस जगतात, म्हाताऱ्या झालेल्यांना मॅक्रोफेज गिळतात आणि त्यांतलं लोखंड परत वापरायला देतात. म्हणजे सिपाही कमी आणि सफाई कामगार जास्त.

पण निरोप आला की सफाई कामगाराचा सिपाही होतो. हा निरोप म्हणजे सायटोकाईन. एका पेशीने दुसरीला धाडलेली प्रथिनाची चिठ्ठी. कुठली चिठ्ठी सांगते "या", कुठली सांगते "पेटून उठा", कुठली सांगते "बास, आता शांत व्हा". ताप, सूज, लाली, भूक मरणं, अंग मोडून येणं, यातलं पुष्कळसं जंतू करत नाही, या चिठ्ठ्या करतात. दोन दिवसांचा ताप असेल तर ती शरीराची मेहरबानी. पण "शांत व्हा"ची चिठ्ठी पोहोचलीच नाही, किंवा "पेटून उठा"च्या चिठ्ठ्या थांबल्याच नाहीत, तर घरालाच आग लागते. करोनात काहींना ती आठवड्याभरात लागली. म्हणून तर २०२० साली डेक्सामेथासोनसारख्या स्वस्त, जुन्या स्टिरॉइडने गंभीर रोग्यांचे जीव वाचवले. अम्मीच्या बोटांत तीच आग वर्षानुवर्षं धुमसत होती.

टीबीच्या बाबतीत गोष्ट आणखी गुंतागुंतीची. फुफ्फुसात शिरलेल्या जंतूला मॅक्रोफेज गिळते, पण हा जंतू असा बेरकी की पोटात जाऊनही पचत नाही. पेशीच्या ज्या पिशवीत तो असतो, तिला पाचकरसाच्या पिशवीशी जुळूच देत नाही. गिळणाऱ्याच्याच पोटात संसार थाटतो. मग टी-पेशी चिठ्ठी धाडतात. तिचं नाव इंटरफेरॉन-गामा. ती मिळाली की मॅक्रोफेजला बळ येतं आणि ती पोटातल्या जंतूवर विष सोडते. त्याने पुष्कळ जंतू मरतात, सगळे नाही. उरलेल्यांभोवती मॅक्रोफेज एकमेकींना चिकटून गाठ बांधतात आणि त्यांना आत कोंडतात. लोहगडाला वेढा पडावा तसा हा वेढा. आतले मरत नाहीत, बाहेर येत नाहीत. वर्षं जातात, चाळीस, पन्नास. माणूस ठणठणीत असतो. आपल्या देशात झालेल्या २०१९ ते २०२१च्या मोठ्या पाहणीत मोठ्या माणसांपैकी शेकडा एकतीसच्या आसपास लोकांत असा झोपलेला जंतू असल्याचं दिसलं. यांतल्या शंभरांपैकी पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो.

हा वेढा ज्या चिठ्ठीवर टिकून असतो तिचं नाव टीएनएफ.

आणि अम्मीच्या बोटांतली आग ज्या चिठ्ठीने पेटलेली, तिचंही नाव टीएनएफ.

रात्री हे वाचताना आम्ही पुस्तक मिटलं. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी या दोघांनी १९९२ साली टीएनएफ अडवून संधिवात शमवून दाखवला होता. मैनी मूळचे लुधियानाचे. २००३ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण २००१ साली अमेरिकेतून बातमी आली होती, की असं औषध घेतलेल्या सत्तर जणांचा टीबी जागा झाला आहे, तोही बहुतेकांचा पहिल्या काही महिन्यांत. एकच चिठ्ठी बोटं जाळत होती आणि तीच छातीतला दरवाजा धरून उभी होती. ती अडवायची तर आधी आतल्यांचा बंदोबस्त करायला हवा. त्यासाठी डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "घरात कुणाला टीबी झाला होता?" त्यात ना हिणवणं होतं, ना खानदानाची चौकशी. त्या फक्त विचारत होत्या की किल्ल्यात कुणी आहे का.

सकाळी फजरनंतर अम्मीपाशी बसलो. पहिल्यांदा मुलीच्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं, मग वेढ्याची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती. मग आम्ही विचारलं, "नाना के कटोरे में तुम खाती थी ना?" बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "मेरेकू लगता था, मैं खाई इसलिए वो जल्दी गए. उनका हिस्सा मैं खा जाती थी."

पंचावन्न वर्षं हे ओझं. आम्हाला वाटत होतं ती रिश्त्याच्या भीतीने गप्प आहे. ती सात वर्षांच्या मुलीच्या गुन्ह्याने गप्प होती. आम्ही सांगितलं, कटोऱ्याने काही होत नाही अम्मी, ना त्यांना झालं, ना तुला. तुम्ही सगळे एका बंद खोलीत श्वास घेत होता, एवढंच. आणि ते गेले, कारण औषधं सुटली. तुझ्या पावाच्या तुकड्याने नाही. तेव्हा ती रडली. आम्हीही.

पुढच्या बुधवारी पुन्हा लोकल. या वेळी अम्मीने स्वतः सांगितलं, "मेरे वालिद को था." डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाल्या आणि लिहून घेतलं. रक्ताची तपासणी झाली. लहानपणीच्या बीसीजीमुळे हातावरची सुई फसवू शकते, म्हणून ही. तिची युक्ती आम्हाला फार आवडली. काचेच्या नळीत रक्ताला टीबीच्या जंतूचे काही तुकडे दाखवतात. टी-पेशींना जुनी ओळख असेल तर त्या लगेच इंटरफेरॉन-गामाची चिठ्ठी लिहितात. चिठ्ठी सापडली की समजायचं, भेट झाली होती. अम्मीच्या रक्ताने चिठ्ठी लिहिली. १९६९ सालच्या त्या खोलीची आठवण तिच्या पेशींनीही जपून ठेवली होती. एक्सरेत उजव्या बाजूला वर जुना व्रण. चालू आजार नाही.

आयसोनियाझिडची गोळी सहा महिने, जोडीला बी-सिक्स, मधूनमधून यकृताची तपासणी. महिनाभर गोळी पोटात गेल्यावर मग इंजेक्शन सुरू झालं. सरकारी केंद्रावर ही गोळी फुकट मिळते. पण तिथे रांगेत उभं राहायचं म्हणजे मोहल्ल्याने पाहायचं. अम्मी उभी राहिली. कुणी विचारलं तर म्हणायची, "मेरेकू बीमारी नहीं है, बीमारी ना हो इसलिए खाती." वाक्य छोटं होतं, पण आमच्या गल्लीत ते पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं.

कल्याणच्या लोकांना आम्ही स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ते "अच्छा, अच्छा" म्हणाले. नंतर त्यांचा फोन आला नाही. कारण हेच होतं की दुसरं काही, ते कळलं नाही, आम्ही विचारलंही नाही. आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. शेवटी धाकटीच म्हणाली, "बाजी, अच्छा हुआ. ऐसे घर में तो खाँसने को भी डर लगता." ती हसत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते. त्या खऱ्या वाक्याची किंमत आम्ही मोजली नाही, तिने मोजली, हे आम्ही विसरत नाही. आपल्या समाजात बायका-मुली टीबीचं औषध डाळीच्या डब्यात लपवून खातात आणि पाहुणे आले की डोस चुकवतात. चुकलेल्या डोसाने जंतू आणखी बेरकी होतो. आपण जपतो ती इज्जत आणि जंतू जपतो तो स्वतःला. लपवण्याने सोय होते ती त्याचीच.

त्या मुलीला आम्ही उत्तर दिलं. म्हटलं, सिपाही वाईट नसतात बेटा. त्यांना "बस" म्हणणारी चिठ्ठी पोहोचत नाही. तिने विचारलं, "तो कौन पोहोचाएगा?" आम्ही म्हटलं, डॉक्टर. आणि त्याआधी घरच्यांनी डॉक्टरला खरं सांगायला हवं.

अम्मीची बोटं पूर्ण सरळ झालेली नाहीत. वाकली ती वाकलीच. पण सूज उतरली आहे, बटण तिचं तीच लावते. गेल्या रमजानमध्ये मोठी पातेली काढताना कटोरा हाताला लागला. अम्मीने तो घासला नाही, नुसता धुतला. इफ्तारला त्यात खजूर ठेवले आणि सगळ्यांच्या मध्ये ठेवला. धाकटीने पहिला उचलला. बाहेर उन्हाळा होता, खिडकी उघडी होती.